मूत्र-कोशिका परीक्षा, मूत्राशयाच्या कर्करोगाची : लालबाग-परळ परिसराच्या संदर्भात

मूत्राशयाच्या आतील अस्तरापासून सुटून मूत्रात येणाऱ्या कोशिका (पेशी) गोळा करणे, त्या रंजकांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे व त्यांच्या स्वरूपावरून कर्करोग आहे किंवा नाही हे ठरविणे, या पद्धतीस मूत्र-कोशिका परीक्षा म्हणतात. या परीक्षेत रुग्णाच्या शरीरात कोणतेही उपकरण घालावे लागत नाही, वेदना होत नाहीत व खर्चही अल्प येतो. तथापि तिचा उपयोग सर्व प्रकारच्या अर्बुदांत (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे निर्माण होणाऱ्या गाठींत) सारखा नसतो. तिचे गुण व मर्यादा ज्या क्रमाने उलगडत गेल्या, तो इतिहास रंजकांचे कारखाने, त्यांतील कामगार आणि विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळा यांच्याशी निगडित आहे. मुंबईच्या लालबाग-परळ भागात कापडगिरण्या व वैद्यकीय संशोधन संस्था एकमेकींच्या शेजारी वाढल्या. त्यामुळे या इतिहासाच्या अभ्यासास हा परिसर विशेष उद्‌बोधक ठरतो.

प्रारंभीचा इतिहास : मूत्राचे परीक्षण ही वैद्यकातील अतिप्राचीन प्रथा आहे. आयुर्वेदात मूत्राचा रंग, गंध, गढूळपणा यांवरून रोगनिदान करीत. मूत्रातील कोशिकांचा विचार मात्र सुधारलेला सूक्ष्मदर्शक उपलब्ध झाल्यावर, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. प्राग येथील व्हिलेम लांब्ल यांनी १८५६ मध्ये मूत्रातील गाळात मूत्राशयाच्या कर्करोगाच्या कोशिका आढळल्याचे वर्णन केले. एडिंबरो येथील सँडर्स यांनी १८६४ मध्ये मूत्रावाटे बाहेर पडलेल्या अर्बुदाच्या तुकड्यांची तपासणी करून तसाच निष्कर्ष काढला. ही निरीक्षणे अचूक होती; परंतु कोशिकांचे अंतरंग स्पष्ट दाखविणारी रंजनपद्धती त्या वेळी नव्हती व तपासणीस येणारे नमुने बहुधा रोग फार पुढे गेल्यानंतरचे असत. म्हणून ही पद्धत रूढ झाली नाही. माक्स नित्से यांनी १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे प्रकाशयुक्त मूत्राशयदर्शक सादर केल्यावर मूत्राशयाचे अस्तर प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले आणि वैद्यांचे लक्ष साहजिकच त्या उपकरणाकडे वळले.

या इतिहासात १८५६ या वर्षाला आणखी दोन कारणांनी महत्त्व आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून पहिले कृत्रिम रंजक (मॉव्ह) तयार केले आणि त्याच वर्षी मुंबईत ताडदेव येथे कावसजी दावर यांच्या कापडगिरणीत उत्पादन सुरू झाले. पुढे या तिन्ही धारा एकत्र आल्या.

रंजक व मूत्राशयाचा कर्करोग : फ्रँकफुर्ट येथील शस्त्रक्रियाविशारद लुडव्हिग रेन यांनी १८९५ मध्ये मॅजेंटा (फुक्सिन) हे रंजक बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याचे जाहीर केले. ॲनिलिनाच्या वाफा हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात दोष ॲनिलिनाचा नसून त्याच उद्योगात वापरल्या जाणाऱ्या काही ॲरोमॅटिक अमाइन संयुगांचा आहे, असे पुढे दिसून आले. ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये बीटा-नॅप्थिलअमाइन दिलेल्या कुत्र्यांत मूत्राशयाची अर्बुदे निर्माण होतात, असे प्रयोगाने दाखविले. ब्रिटनमधील रासायनिक उद्योगातील कामगारांची रॉबर्ट केस यांनी केलेली पाहणी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. बीटा-नॅप्थिलअमाइन व बेंझिडीन यांच्याशी संबंध आलेल्या कामगारांत या रोगाचे प्रमाण अनेक पटींनी जास्त असल्याचे तीवरून सिद्ध झाले.

ही संयुगे श्वासावाटे व त्वचेतून शरीरात जातात, यकृतात त्यांचे रूपांतर होते व त्यांपासून बनलेले पदार्थ मूत्रातून उत्सर्जित होतात. मूत्र काही तास मूत्राशयात साठून राहत असल्यामुळे तेथील अस्तराचा या पदार्थांशी दीर्घकाळ संपर्क येतो. प्रथम संपर्क व रोगाची लक्षणे यांमध्ये बहुधा दोन दशकांचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असते. कामगार निवृत्त होऊन गावी गेल्यावर रोग प्रकट व्हावा, असे यामुळे वारंवार घडते. तंबाखूच्या धुरातही यांपैकी काही अमाइन संयुगे असतात आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ज्ञात कारणांत धूम्रपान हे सर्वांत व्यापक आहे.

आधुनिक परीक्षेचा उदय : जॉर्ज पापानिकोलाउ या मूळच्या ग्रीक शास्त्रज्ञाने न्यूयॉर्क येथे योनिमार्गातील गळून पडलेल्या कोशिकांचा अभ्यास केला व त्यांसाठी बहुरंगी रंजनपद्धती सिद्ध केली. ट्राउट यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर गर्भाशयाच्या ग्रीवेच्या (मानेसारख्या भागाच्या) कर्करोगाच्या निदानात ही पद्धत मान्यता पावली. १९४५ मध्ये पापानिकोलाउ व मूत्ररोगतज्ञ व्हिक्टर मार्शल यांनी मूत्रातील गाळाच्या लेपावरून मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे निदान करता येते, असे प्रतिपादन केले. लांब्ल यांचे निरीक्षण जवळजवळ नव्वद वर्षांनी अशा रीतीने व्यवहारात आले.

या परीक्षेचा उद्योगक्षेत्रातील उपयोग लवकरच ध्यानात आला. ब्रिटनमध्ये क्रॅब यांनी १९५२ मध्ये रंजक उद्योगातील कामगारांच्या नियमित तपासणीसाठी ती सुचविली. अमेरिकेत कॉस व मेलमेड यांनी पॅरा-अमिनोडायफिनिल या संयुगाशी संबंध आलेल्या कामगारांचा १९६० नंतरच्या दशकात दीर्घकाल पाठपुरावा केला. त्यांपैकी काहींच्या मूत्रात कर्ककोशिका आढळल्या, परंतु मूत्राशयदर्शकातून अर्बुद दिसले नाही. ते पुढे काही वर्षांनी दृग्गोचर झाले. अस्तराच्या जाडीतच सपाट पसरणाऱ्या 'स्वस्थानी कर्करोगा'चे महत्त्व या अभ्यासांमुळे प्रस्थापित झाले. डोळ्याला केवळ लालसर किंवा अगदी निरोगी दिसणारे अस्तर रोगग्रस्त असू शकते आणि त्याची सूचना मूत्रातील कोशिका देतात, हा या परीक्षेचा सर्वांत मोठा लाभ होय.

लालबाग-परळचा परिसर : लालबाग, परळ, भोईवाडा, काळाचौकी, शिवडी व चिंचपोकळी हा गिरणगावाचा गाभा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे गिरण्या उभ्या राहिल्या व रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. भागांतून आलेले कामगार चाळींतून राहू लागले. याच भागात वैद्यकीय संस्थांचेही केंद्रीकरण झाले. प्लेगच्या साथीनंतर वॉल्डेमार हाफकीन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी कर्करोगासाठी स्वतंत्र असे टाटा स्मारक रुग्णालय उघडण्यात आले. १९५२ मध्ये त्याच्या परिसरात भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली; १९६६ मध्ये या दोन्ही संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्र करण्यात आल्या.

या परंपरेचे प्रवर्तक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) होत. लंडन विद्यापीठाची विकृतिविज्ञानातील पदवी घेऊन आलेल्या खानोलकरांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले, टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची उभारणी केली व पुढे कर्करोग संशोधन केंद्राचे संचालकपद भूषविले. कर्करोगाचा संबंध लोकांच्या सवयींशी, वेषाशी व व्यवसायाशी जोडून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. धोतराची गाठ कमरेला सतत घासल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन असलेला त्यांचा व सूर्याबाई यांचा निबंध १९४५ साली, म्हणजे पापानिकोलाउ-मार्शल यांच्या निबंधाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. 'रोगी कोण?' यासोबतच 'तो काय करतो व कसा राहतो?' हा प्रश्न विचारण्याची ही रीत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत अपरिहार्य आहे. १९६३ मध्ये डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. विशिष्ट लोकसंख्येतील सर्व कर्करोग्यांची नोंद ठेवणारी ही भारतातील पहिली योजना होय. तीवरून मूत्राशयाचा कर्करोग मुंबईत पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी असून स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक आढळतो, असे दिसून आले.

गिरणीतील रंगाई : रंजक बनविणे व रंजक वापरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. रेन व केस यांची निरीक्षणे मुख्यतः पहिल्या क्रियेशी संबंधित आहेत. लालबागच्या गिरण्यांत दुसरी क्रिया चालत असे. तथापि सुताच्या रंगाईला बेंझिडिनापासून बनविलेले 'प्रत्यक्ष' रंजक विशेष सोयीचे होते. रंगबंधकाशिवाय ते सुतावर बसत. १८८४ मध्ये निघालेला काँगो रेड हा त्यांतील पहिला. अशी रंजके शरीरात गेल्यास आतड्यातील सूक्ष्मजंतू त्यांचे विघटन करून बेंझिडीन मुक्त करतात, हे नंतर समजले. रंजकाची भुकटी तोलणे, कढईत मिसळणे व कुंड्या स्वच्छ करणे या कामांत धोका अधिक संभवतो.

या धोक्याविषयी मिळालेला पुरावा जपून वाचावा लागतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये कापड उद्योगातील काम हे 'कदाचित कर्ककारक' अशा वर्गात घातले. रंगारी व विणकर यांच्यातील मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीच्या पाहण्या त्यास आधारभूत होत्या. मुंबईतील रुग्णांची इतर व्यक्तींशी तुलना करणारी एक पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कापड कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. मूत्राशयाच्या कर्करोगाचे आधिक्य मात्र रासायनिक व औषधी कारखान्यांतील कामगारांत दिसले. म्हणजे गिरणगावातील प्रत्येक कामगार या रोगाच्या छायेत होता, असे म्हणणे योग्य होणार नाही. त्याचबरोबर 'कापड कामगार' या एकाच सदरात कातणारे, विणणारे व रंगविणारे एकत्र मोजले गेल्यास रंगाईच्या खात्यातील मोजक्या माणसांचा धोका सरासरीत झाकला जातो, हेही लक्षात घेतले पाहिजे. बदली कामगार आज एका खात्यात तर उद्या दुसऱ्या खात्यात काम करीत. त्यांच्या बाबतीत रंजकाशी आलेल्या संपर्काचा काळ ठरविणे आणखी अवघड होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सु. अडीच लाख गिरणी कामगारांचे जीवन विस्कळित झाले व पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. रोगाचा सुप्तकाल वीस वर्षांचा धरला, तर १९७०–८० या दशकात रंगाईत काम केलेल्या व्यक्तींत रोग प्रकट होण्याचा काळ गिरण्या बंद झाल्यानंतरचा ठरतो. त्या वेळी कामगारास हजेरीपट नव्हता, गिरणीचा दवाखाना नव्हता आणि पूर्वीच्या कामाविषयी विचारणा करणारा कोणी नव्हता. कारखाना अधिनियम, १९४८ च्या सूचनीय रोगांच्या यादीत 'व्यावसायिक कर्करोग' हा शब्दप्रयोग १९८७ च्या दुरुस्तीने आला आणि बेंझिडिनापासून बनविलेल्या रंजकांच्या हाताळणीवर भारत सरकारने १९९० नंतरच्या दशकात बंदी घातली. या उपायांनी नव्या कामगारांचे रक्षण झाले. ज्यांचा संपर्क आधीच येऊन गेला होता, त्यांच्यासाठी लवकर निदान हाच मार्ग उरला.

कोकणातील एक वेगळे उदाहरण : मूत्रातील गाळाच्या तपासणीचे महत्त्व दाखविणारी एक घटना गिरणगावातील अनेक कुटुंबांच्या मूळ प्रदेशात घडली. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी (ता. गुहागर) येथे गाडगीळ व शाह यांना १९५२ मध्ये मूत्रमार्गाच्या खंडितकृमी (शिस्टोसोमा) रोगाचे केंद्र आढळले. मूत्रातून रक्त जाणाऱ्या रुग्णांच्या मूत्रात या कृमीची टोकास काटा असलेली अंडी सापडली. कृमीच्या जीवनचक्रातील काही अवस्था गोड्या पाण्यातील गोगलगाईत पार पडतात. ईजिप्तमध्ये हा रोग व मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदविला गेला होता. तेथील कर्करोग बहुधा शल्की (खवल्यासारख्या चपट्या कोशिकांचा) प्रकारचा असतो. गिमवीतील रोग फारसा पसरला नाही. तथापि मूत्रातून रक्त जाणे या एकाच लक्षणामागे खडा, क्षयरोग, कृमी व कर्करोग अशी भिन्न कारणे असू शकतात व त्यांपैकी कित्येकांचा पुरावा त्याच गाळात मिळतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

परीक्षेची पद्धती : सकाळी उठल्यावरचे पहिले मूत्र या परीक्षेस घेत नाहीत; रात्रभर मूत्रात राहिल्याने त्यातील कोशिका विघटित झालेल्या असतात. त्यानंतर दिवसा विसर्जित केलेले ताजे मूत्र, शक्यतो ५० ते १०० मिलि., स्वच्छ पात्रात घेतात. विलंब होणार असल्यास त्यात परिरक्षक द्रव घालतात. केंद्रोत्सारक यंत्राने गाळ खाली बसवून त्याचा काचपट्टीवर पातळ लेप देतात, अल्कोहॉलात तो स्थिर करतात व पापानिकोलाउ पद्धतीने रंगवितात. एकच नमुना न तपासता लागोपाठ तीन दिवसांचे नमुने तपासल्यास रोग सापडण्याची शक्यता वाढते.

निरोगी अस्तराच्या कोशिकांत केंद्रक लहान, गोल व कोशिकाद्रव्य विपुल असते. उच्च श्रेणीच्या कर्ककोशिकांत केंद्रक कोशिकेचा बहुतेक भाग व्यापतो, गडद रंगतो, त्याची कडा वेडीवाकडी असते व त्यातील रंज्यद्रव्य खडबडीत दिसते. अशा कोशिकांमधील परस्पर बंध शिथिल झालेले असल्याने त्या सहज सुटून मूत्रात येतात. निम्न श्रेणीच्या अंकुरकी (बोटांसारखे उंचवटे असलेल्या) अर्बुदांत स्थिती उलट असते : कोशिका एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात व ज्या थोड्या सुटतात त्या निरोगी कोशिकांसारख्याच दिसतात.

उपयुक्तता व मर्यादा : वरील भेदामुळेच परीक्षेचे फलित रोगाच्या श्रेणीवर अवलंबून असते. उच्च श्रेणीचा व स्वस्थानी कर्करोग असलेल्या दहा रुग्णांपैकी साधारणतः सात-आठ जणांत ती रोग दाखविते. निम्न श्रेणीच्या अर्बुदांत दोन-तीन जणांतच. उलटपक्षी, अनुभवी परीक्षकाने 'कर्ककोशिका आहेत' असे निश्चितपणे सांगितल्यास ते क्वचितच चुकते. म्हणून होकारार्थी निष्कर्ष फार मोलाचा असतो. नकारार्थी निष्कर्षावरून मात्र रोग नाही, असे मानता येत नाही. मूत्रातून वेदनारहित रक्त गेलेल्या रुग्णाने कोशिका परीक्षा नकारार्थी आली म्हणून पुढील तपासणी टाळणे धोक्याचे असते. त्याच्या बाबतीत मूत्राशयदर्शन व मूत्रमार्गाचे प्रतिमाचित्रण आवश्यक असते आणि अंतिम निदान जीवोतक परीक्षेनेच (काढलेल्या ऊतकाच्या तुकड्याच्या परीक्षेने) होते.

मूतखडा, जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा क्षय, नुकतेच घातलेले उपकरण, किरणोपचार व मूत्राशयात दिलेली बीसीजी लस यांमुळेही कोशिकांचे रूप पालटते व फसगत होऊ शकते. बीके विषाणूने बाधित कोशिका तर कर्ककोशिकांचा हुबेहूब आभास निर्माण करतात. भारतात खडे, संसर्ग व क्षय यांचे प्रमाण मोठे असल्याने परीक्षकास रुग्णाची संपूर्ण माहिती पुरविणे अगत्याचे असते.

सर्वसाधारण लोकसंख्येची या परीक्षेने सरसकट चाळणी का करीत नाहीत, हे एका कल्पित उदाहरणाने समजेल. १,००० व्यक्तींपैकी ५ जणांना रोग आहे, परीक्षा दर १०० रोग्यांपैकी ८० जणांत होकारार्थी येते व दर १०० निरोगी व्यक्तींपैकी ५ जणांत चुकीने होकारार्थी येते, असे मानू. मग ४ खरे रोगी सापडतील, परंतु ९९५ निरोगी व्यक्तींपैकी सु. ५० जणांच्या मागे रोगाची भीती व मूत्राशयदर्शनाचा त्रास लागेल. शिवाय एक रोगी सुटेल तो सुटेलच. ज्या गटात रोगाचे प्रमाण मुळातच जास्त आहे, उदा., अमाइन संयुगांशी दीर्घकाळ संबंध आलेले कामगार, तेथे हे गणित बदलते व परीक्षा सार्थ ठरते. अर्बुद काढून टाकलेल्या रुग्णांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यात तिचा उपयोग सर्वाधिक होतो; कारण हा रोग पुन्हा उद्‌भवण्याची प्रवृत्ती मोठी असते.

अलीकडील घडामोडी : निष्कर्ष लिहिण्यात परीक्षकागणिक पडणारा फरक टाळण्यासाठी २०१३ मध्ये पॅरिस येथे तज्ञांनी समान पद्धती ठरविण्यास आरंभ केला, ती 'पॅरिस पद्धती' म्हणून २०१६ मध्ये ग्रंथरूपाने व २०२२ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली. उच्च श्रेणीचा कर्करोग ओळखणे हेच परीक्षेचे मुख्य उद्दिष्ट मानून तीत नकारार्थी, अनियमित, संशयास्पद व निश्चित असे निष्कर्षांचे वर्ग केले आहेत. २०२२ च्या आवृत्तीत निम्न श्रेणीची अर्बुदे नकारार्थी वर्गात समाविष्ट करण्यात आली. परीक्षेच्या स्वाभाविक मर्यादेची ही स्पष्ट स्वीकृतीच होय. गुणसूत्रांतील बदल दाखविणारी अनुस्फुरित चाचणी व मूत्रातील विशिष्ट प्रथिनांच्या चाचण्याही उपलब्ध झाल्या आहेत. काहींची संवेदनशीलता अधिक असली, तरी त्या महाग आहेत व मूत्राशयदर्शनाची जागा त्यांपैकी कोणीही घेऊ शकलेली नाही. गाळ, काचपट्टी व सूक्ष्मदर्शक एवढ्याच साधनांवर चालणारी मूत्र-कोशिका परीक्षा त्यामुळे सार्वजनिक रुग्णालयांत आपले स्थान टिकवून आहे. तिचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी नमुन्यासोबतच्या कागदावर रुग्णाचे वय व लक्षणे यांबरोबरच त्याने आयुष्यात कोणकोणती कामे केली, कोणत्या खात्यात केली व किती वर्षे केली, याची नोंद असणे आवश्यक आहे.